ढगवालीचे हट्टी अणू

ती जिना चढून वर गेली ती भांडायलाच. हातात पेनाएवढी एक नळी, नळीला लांबलचक वायर, ती वायर पायऱ्यांवरून सळसळत मागे येतेय, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. राग इतका ताजा होता की जिन्यात निथळत ठेवलेल्या छत्र्या ती शेजारून गेल्याबरोबर कोरड्या झाल्या, असं सांगणारे लोक त्या इमारतीत अजून आहेत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक उंच, विस्कटलेला माणूस चाकांच्या लोखंडी खुर्चीत बसून खोलीभर घरंगळत होता. खिडकी नीट लागत नव्हती. पावसाची झड आत आली की हा पायाने भिंतीला ढकलणी द्यायचा आणि सर्रकन फळ्याकडे जायचा. झड थांबली की पुन्हा खिडकीशी. सोबत शीळ. जणू अख्ख्या जगात त्याच्याखाली कोणी राहतच नव्हतं.

तिने नळी त्याच्या खुर्चीजवळ नेली. दुसऱ्या हातातल्या यंत्रावरचा आकडा टुणकन उडाला.

"सापडला," ती म्हणाली.

"कोण?"

"चोर."

तो उभा राहिला. कॉलरवर खडूची भुकटी, चष्मा नाकावरून घसरलेला. "मी... काय चोरलं?"

"माझ्या दुपारा."

आता ही भानगड समजावी म्हणून तिचं काम सांगायला हवं. ती खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ढग सांभाळायची. म्हणूनच तिला सगळे ढगवाली म्हणायचे. काचेच्या एका पेटीत, जिच्यातली हवासुद्धा काढून टाकलेली, मोहरीएवढा पिवळा ठिपका अधांतरी लोंबकळत असायचा. तो सोडियमच्या अणूंचा ढग. आपल्या मिठात असतो तोच सोडियम. लेझरच्या प्रकाशाने त्याला इतकं गार केलेलं की बर्फाला त्याच्या शेजारी बसवलं असतं तर बर्फाला घाम फुटला असता. त्या मोहरीत एका शहरात माणसं नसतील एवढे अणू, आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था. सोपं म्हणून ती म्हणायची, बसलेला अणू आणि उभा अणू. तिचं काम एवढंच की एक अदृश्य लाट सोडायची आणि सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. पुन्हा सोडायची, सगळ्यांनी एकदम बसायचं.

बसलेले अणू लेझरखाली पिवळे चमकतात, उभे राहिलेले दिसेनासे होतात. म्हणून तिच्या खोलीत ढग दाखवणारा पडदा काळा झाला की आनंद, आणि चमकत राहिला की डोक्याला हात. पण अणू कसले ऐकतात! मोहरीच्या या टोकाला चुंबकीय ओढ निराळी, त्या टोकाला निराळी. कोणी अर्धवटच उठायचा, कोणी उठून गिरकी घेऊन परत बसायचा. त्यात जवळपास लोखंड हललं की संपलंच. म्हणून दाराशी एक टोपली होती. किल्ल्या, नाणी, पट्टे, सगळं तिच्यात काढून ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. खुद्द मोठे सर, म्हणजे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख, पट्टा टोपलीत ठेवून एका हाताने पँट धरून हिंडायचे आणि दुसऱ्या हाताने सूचना द्यायचे.

एवढं करूनही रोज दुपारी ढग बिघडत होता. तिने लेझरवर संशय घेतला, पंपावर घेतला, सोबतच्या मुलीच्या बांगडीवर घेतला आणि तिच्याशी अबोला धरला. शेवटी चुंबकत्व मोजणाऱ्या नळीला वायर बांधून ती वासावर निघाली, ती थेट या खुर्चीपर्यंत येऊन पोचली.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचे कान लाल झाले. कारण त्याचा धंदाही तोच होता. अणूला बसतं-उठतं करणाऱ्या लाटेचा आकार कसा असावा, याचं गणित तो मांडायचा. फक्त कागदावर. खरा ढग त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"माझ्या कागदावर तर एका हाकेत उभा राहतो," तो हळूच म्हणाला.

"किती अणू?"

"एक..."

"मग लाडावलेला असणार. माझ्याकडे एकत्र कुटुंब आहे. इथे एक काका ऐकत नाहीत, एक आत्या रुसून बसलीय, आणि वरून तुम्ही खुर्ची फिरवताय."

तो हसला. हसताना डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर जरासा रेललेला दिसला. तिची आई दातांची डॉक्टर. माणूस दातांवरून जोखायची सवय तिला बोळक्या वयापासून. तो सुळा तिला... म्हणजे वाईट नाही वाटला. ती भांडायचं राहिलेलं सगळं तसंच घेऊन खाली आली. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं की वायर वरच राहिली. पुन्हा वर जावं लागलं. तो दारातच उभा होता, वायरचं नीट वेटोळं करून. बोटं लांबसडक होती. तेही तिने पाहिलं नाही असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं जिन्यातच भेटायला लागले, कारण त्याला आत येऊ देण्याइतकी ती भोळी नव्हती. तिला घाईही होती. मोठ्या सरांनी सांगून ठेवलं होतं की तपासणी समिती येणार आहे. सगळा ढग एकदम उठताना-बसताना दिसला नाही, तर ती खोली शेजारच्या गटाला जाईल. म्हणजे तिने स्वतःच्या हातांनी डाग दिलेली एकेक तार, एकेक आरसा सुटा करून खोक्यात भरायचा, आणि तिने दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन उभं राहायचं. हे ती त्याला सांगत होती तेव्हा पावसाचं पाणी जिन्याच्या झरोक्यातून आत उडत होतं आणि तिचं बोट पायरीवरच्या ओलीत उगाच रेघा ओढत होतं. तो त्या रेघांकडे बघत होता.

मग त्याने लाट वळवायला घेतली. त्याचं म्हणणं असं, की एकच जोराची ढकलणी दिली तर पुढचा फार पुढे जातो, मागचा मागेच राहतो. त्यापेक्षा थोडं पुढे न्यायचं, मग तिरकं वळवायचं, जरा मागे घ्यायचं, पुन्हा पुढे. वाटा वेगवेगळ्या होतात, पण ज्याने घाई केली आणि ज्याने आळस केला, दोघं शेवटी एकाच जागी पोचतात. हे समजावताना त्याचे हात असे हवेत पोहत होते की वरून येणारा पोस्टमन थांबून वाट मिळायची वाट पाहत बसला. तिला गणित पहिल्यांदाच समजलं होतं. तरी तिने आणखी दोनदा विचारलं.

एकदा तिने त्याला ढग दाखवायचं ठरवलं. पण त्याच्या चष्म्याची चौकट पोलादी. चष्मा टोपलीत गेला, आणि चष्म्याविना त्याला हत्तीसुद्धा डोंगर वाटायचा. तिने त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून अंधाऱ्या खोलीतून त्याला पेटीपर्यंत नेलं. दोघं श्वास धरून वाकले.

"दिसला?"

"दिसला ना... केवढा सुंदर आहे. डाळिंबाएवढा."

ती तोंडावर हात दाबून इतकी हसली की मोठ्या सरांनी पलीकडच्या टेबलावरून, पँट सावरत, काय झालं म्हणून विचारलं. मोहरीचं डाळिंब झालं, हे त्यांना कसं सांगणार. बाही मात्र तिने दारापर्यंत सोडली नाही.

नवी लाट लागली आणि जादू झाली. सकाळी पडदा काळा, आणि दुपारी, ज्या दुपारी रोज घात व्हायचा, तेव्हाही काळाकुट्ट. एक ठिपका नाही. ती मोठ्या सरांकडे गेली आणि म्हणाली, आता लोखंड हलो नाहीतर डोंगर हलो, माझे अणू कुणाला भीत नाहीत. सरांनी समितीला त्याच दिवशी कळवून टाकलं. घरी तिने लाटेचं कौतुक केलं, मग लाट वळवणाऱ्याचं, आणि त्याचं जरा जास्तच झालं. आईने पुढच्याच रविवारी त्याला बोलावून घेतलं. तो हसला तशी आईने खुर्ची जवळ ओढली, त्याचं तोंड उजेडाकडे करवलं आणि निदान केलं की मुलगा झोपेत दात खातो, म्हणजे काळजी करणारा आहे, आणि अक्कलदाढ अजून यायची आहे. तो गेल्यावर लेकीला म्हणाली, "सुळा सरळ करता येईल. पण करायला लावू नकोस."

एका दुपारी ढग इतका शहाण्यासारखा वागत होता की तिला राहवलं नाही. प्रयोग चालू ठेवून ती वर धावली, त्याला सांगायला.

दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

लोखंडी खुर्ची कुठेच नव्हती. तो एका लाकडी स्टुलावर बसला होता, खिडकीशी, अगदी ताठ. पावसाची झड सरळ त्याच्या तोंडावर येत होती. शर्ट अंगाला चिकटलेला, चष्म्याऐवजी डोळे बारीक केलेले, किल्ल्या नाहीत, शीळ नाही. तो इतका वेळ इतका स्तब्ध बसला होता की एक चिमणी त्याच्या खांद्यावर बसून पिसं साफ करत होती, आणि दुसरी त्याच्या केसांकडे घर बांधण्याच्या दृष्टीने बघत होती.

"हे काय?"

"मी हललो नाही," तो ओठ न हलवता म्हणाला. "तुमची वेळ असते ना दुपारची... म्हणून."

"रोज?"

"रोज."

तिच्यासाठी आजवर कोणी भिजलं नव्हतं. ती एक पाऊल पुढे टाकणार, तेवढ्यात तिच्यातली ढगवाली जागी झाली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुला कोणी सांगितलं होतं असं बसायला?"

इतके दिवसांचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. चिमण्याही गेल्या.

"कोणी नाही. मला वाटलं, तुम्हाला... तुला बरं वाटेल."

"वाटलं ना. इतकं बरं वाटलं की मी साऱ्या जगाला सांगून बसले, माझे अणू कुणाला भीत नाहीत. ते भीत नव्हते, कारण तू त्यांना भिववतच नव्हतास. लाट चांगली आहे की तू शांत आहेस, हे मला आता कसं कळणार?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. चोरीचा आरोप झाला तेव्हाही तो एवढा ओशाळला नव्हता. ज्याने उभा जन्म लाटा वळवण्यात घालवला, त्याला आपणच प्रयोगात चिंब भिजून लुडबुडलो हे कळलं नव्हतं.

"खुर्ची आण," ती म्हणाली.

त्याने ती गच्चीवर नेऊन ठेवली होती. आणली, फिरवली. ती खाली धावली. पडदा पिवळा धमक.

त्या दिवशी ती त्याच्याशी पुढे बोलली नाही. पण दुसऱ्या सकाळी तोच जिन्यात तिची वाट पाहत उभा होता, डोळे तांबारलेले. त्याने चूक शोधली होती. पहिल्या लाटेत त्याने हाकेचा जोर सांभाळला होता. कोणाला हाक मोठी ऐकू येते, कोणाला लहान, याची सोय केली होती. पण लोखंड हललं की अणूंचा सूरच सरकतो, आणि सुराचं त्याने काही केलं नव्हतं. आता लाट अशी वळवायची की जोरही चुको, सूरही चुको, ढग पोचलाच पाहिजे.

"आणि ती तपासायला तुला काय लागेल?" त्याने विचारलं.

"गोंधळ," ती म्हणाली. "भरपूर."

तो तिने गोळा केला. तिने प्रत्येक मजल्यावर जाऊन हात जोडले की दिवसभर वाटेल ते लोखंड वाटेल तिकडे ओढा. इतकी वर्षं ज्या बाईने सगळ्यांना चवड्यांवर चालायला लावलं होतं, तीच असं म्हणतेय म्हटल्यावर लोकांनी मागचं-पुढचं सारं उट्टं काढलं. स्टीलची कपाटं निघाली. हिशेबनीस आपल्या फाइलींच्या कपाटाला मिठी मारून संथ नाच करत होता. दोन मजल्यांची कपाटांची शर्यत लागली आणि तळमजल्यावरची तिजोरी पहिली आली, असं म्हणतात. वर तो खुर्चीवरून घरंगळत ओरडून विचारायचा, कसं आहे. खाली ती पडदा बघून ओरडायची, अजून तीन-चार रुसलेत. तो लाटेला आणखी एक वळण द्यायचा. वळणं वाढत गेली, ठिपके कमी होत गेले. आणि एका दुपारी, वरून खुर्ची, शेजारून तिजोरी आणि पाठीमागून हिशेबनीस असा तिहेरी मारा चालू असताना, पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. ती ओरडली नाही. नुसती जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघत राहिली, आणि त्याला कळलं.

समिती आली त्या दिवशी मोठ्या सरांनी टोपली धुऊन ठेवली होती. समितीच्या प्रमुख एक वयोवृद्ध बाई होत्या. त्यांनी इतक्या प्रयोगशाळा बंद केल्या होत्या की पाठीमागे लोक त्यांना कुलूपबाई म्हणत. त्या आल्या, आणि सरांचा हात पँटवरून सुटता सुटता राहिला. बाई लोखंडी वॉकर टेकत टेकत येत होत्या. जाडजूड, चार पायांचा, अस्सल लोखंडाचा.

तो टोपलीत ठेवा असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. सर तिच्या कानाशी लागले की तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू, काहीतरी कारण काढू. ते चुकीचं बोलत नव्हते. कपाटं सगळी मजल्यापलीकडची, भिंतीपलीकडची होती. हाताच्या अंतरावर एवढं लोखंड त्या लाटेने कधी पाहिलं नव्हतं. एकदा नापास झालं की खोली गेली.

तिने जिन्याकडे पाहिलं. तो कठड्याशी उभा होता. तिने नजरेनेच विचारलं. त्याने खांदे उडवले, मग... मान हलवली. मला माहीत नाही, पण मी लाटेवर पैज लावेन, असं काहीसं त्या मानेत होतं.

"या बाई," ती म्हणाली. "आत या. वॉकरसकट."

बाई पेटीला खेटून उभ्या राहिल्या. पडद्यावर पिवळा ढग. तिने लाट सोडली.

पडदा काळा झाला.

समितीतले एक गृहस्थ कोणाला तरी म्हणाले, दिवा गेला वाटतं. तिने दुसरी लाट सोडली. सगळाच्या सगळा ढग, जसाच्या तसा, पुन्हा पिवळा. एकही हट्टी मागे नाही, एकही पुढे नाही. खोलीत कोणीतरी श्वास सोडला, बहुधा सगळ्यांनीच.

कुलूपबाईंनी वॉकर उचलला आणि त्या टेबलाभोवती चालायला लागल्या. "पुन्हा," त्या म्हणाल्या. काळा. पिवळा. त्यांनी चाल वाढवली. "पुन्हा." काळा. पिवळा. ज्या बाईंना फाटकापासून दारापर्यंत येईतो चहाची वेळ टळली होती, त्या आता टेबलाभोवती अशा भिरभिरत होत्या की वॉकरच्या पायांतून ठिणग्या निघत होत्या, आणि त्यांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर शाळेतल्या खोडकर मुलीचं हसू होतं. शेवटी दमल्या. पेटीवर हात टेकून म्हणाल्या, की इतकी वर्षं ज्या ज्या खोलीत गेले तिथे माझ्यासाठी जग थांबवून ठेवत आले लोक. आज पहिल्यांदा कोणीतरी मला हलू दिलं. मग सरांकडे वळून त्यांनी फर्मावलं की ही खोली या मुलीचीच, शेजारचीही हिला द्या, आणि तुम्ही आता पट्टा बांधा.

टाळ्या वाजल्या. हिशेबनीस रडला. सरांनी खरंच पट्टा बांधला आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं हे त्यांना सुचेना.

ती प्रयोग चालूच ठेवून गर्दीतून निसटली आणि जिन्यात आली. तो तिथेच, कठड्याशी. बाहेर पाऊस ओसरला होता. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात त्याचा चष्मा चमकत होता.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण तू... म्हणजे आज नको असेल तर मी गप्प..."

"गप्प बसणार असशील तर घरी जा."

तो हसला. मग हसू विझलं आणि शब्द घाईघाईने आले. "मला तू आवडतेस. फार. पण मी धड माणूस नाही. चहा पिताना येरझारा घालतो. आंघोळ करताना भाषणं करतो. झोपेत दात खातो, हे तर तुझ्या घरी माहीतच आहे. आणि तुला सगळं शांत लागतं."

ती एक पायरी वर चढली. आता दोघांचे डोळे जवळजवळ सारख्या उंचीवर आले.

"मलाही वाटायचं, मला शांत लागतं," ती म्हणाली. "तू स्टुलावर बसला होतास ना, चिमण्यांसकट... तेव्हा कळलं. माझ्यासाठी दगड होणारा माणूस मला नकोय रे. तू घरंगळ, भाषणं कर, काय हवा तो गोंधळ घाल. मी पोचेन तुझ्यापर्यंत."

"आणि मी उशीर केला तर?"

"मी जरा तिरकी येईन."

त्याने तिचा हात धरला. लांबसडक बोटं गार पडली होती. तिने ती दोन्ही तळव्यांत घेतली. मग त्या आनंदाचं काय करावं हे त्याला समजेना. तो तीन-तीन पायऱ्या गाळत खाली धावला, प्रयोगशाळेच्या, एरवी हलवायलाही बंदी असलेल्या पोलादी दाराशी पोचला, आपल्या आईला कळवायला आत फोन आहे हे आठवलं, आत गेला, आणि ते अगडबंब दार त्याच्यामागे असं धाडकन आपटलं की इमारतीतली सगळी कपाटं एकदम शहारली.

"कोण आहे तो?" आतून मोठ्या सरांचा आवाज आला.

ती जिन्यात उभी राहून हसत होती. तिला पडदा दिसत नव्हता. बघायची गरजही वाटली नाही. आत पडदा काळाकुट्टच होता. एक ठिपका म्हणून चमकला नव्हता.

"आमचाच आहे," तिने वरूनच सांगितलं.